रिकामी पत्र्याची रंगपेटी : रविवारच्या अटींवर वर्षभर पारखलेली

जलरंगांच्या साहित्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण वस्तू घरी आल्या आल्या टेबलावर मांडतात, पांढऱ्या कागदावर रंगांचे चौकोन काढतात आणि मत देऊन मोकळे होतात. त्यात गैर काही नाही. परंतु रंगपेटी पिशवीत आदळते, उन्हात तापते, घाटाच्या पायरीवर तिरकी उभी राहते आणि घाईघाईने ओली असतानाच बंद केली जाते, आणि हे सारे टेबलावर घडत नाही. म्हणून ही पेटी घेतल्यावर मी वर्षभर तिच्याविषयी काहीच लिहिले नाही. आमचा सात-आठ चित्रकार मित्रमैत्रिणींचा गट आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही जागेवर जाऊन चित्रे काढतो आणि प्रत्येक सहलीला एक अट असते. अट कोणी घालायची ते पाळीने ठरते, आणि ज्याची पाळी असेल त्याने ती जागेवर पोहोचेपर्यंत कोणालाही सांगायची नाही, एवढा एकच नियम आम्ही कसोशीने पाळतो. या अटींनी माझ्या पेटीची जी परीक्षा घेतली, ती मला एकटीला घेणे सुचलेही नसते.

पेटी दिसायला साधी आहे. बाहेरून काळी, आतून पांढऱ्या इनॅमलची, बंद केल्यावर तळहातावर मावणारी. उघडली की झाकणात रंग मिसळण्यासाठी तीन उथळ खळगे, दुसऱ्या बाजूला घडी उलगडून बाहेर येणारी एक सपाट पट्टी, आणि मध्ये बारा अर्धे पॅन, म्हणजे रंग भरायच्या लहान आकाराच्या चौकोनी वाट्या, चिमट्यांत धरून ठेवणारी एक सुटी चौकट. तळाशी अंगठा घालायला कडी. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. अशा पेट्या ऑनलाइन आणि चित्रसाहित्याच्या दुकानांतही निनावीच मिळतात, आणि मला ती बारा रिकाम्या प्लॅस्टिकच्या पॅनांसह सातशे रुपयांच्या आत पडली. रंग मात्र तिच्यात एकही नसतो. हेच तिचे वैशिष्ट्य आहे आणि पहिल्या दिवशी हीच तिची अडचण आहे.

आपल्याकडे बहुतेकांची जलरंगांशी पहिली ओळख कॅमलच्या वड्यांच्या पेटीने होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा त्याच वड्यांवर पार पडतात, आणि पेटीत कोणते रंग असावेत हा प्रश्न आपल्याला पडतच नाही, कारण तो दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवलेला असतो. रिकामी पेटी घेणाऱ्याला तो स्वतः सोडवावा लागतो. ट्यूबमधला रंग पॅनमध्ये भरायचा आणि वाळवायचा, एवढीच कृती. पण ती संयमाची आहे. अर्ध्या पॅनमध्ये साधारण दोन मिलिलिटर रंग मावतो, म्हणजे पाच मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये दोन पॅन भरून थोडा रंग उरतो. एका दमात काठोकाठ भरलेला रंग वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग आक्रसून पॅनच्या भिंतीपासून सुटतो. त्यामुळे दोन-तीन थरांत भरावे, प्रत्येक थर टूथपिकने हलवून हवेचे बुडबुडे काढावेत आणि पुढचा थर निदान एका दिवसाने द्यावा. वाळल्यावर एखादा रंग तडकतोच, त्यात ग्लिसरीनचा एक थेंब घातला की पुढच्या वेळी तो नीट बसतो. धातूची ट्यूब १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने आणली, ती चित्रकाराने रंग घेऊन बाहेर पडावे म्हणून वरदान ठरली. आणि आम्ही त्याच ट्यूबमधला रंग पुन्हा वाळवून, वडी करून बाहेर नेतो, याची मला दर वेळी गंमत वाटते.

नव्या पेटीचे इनॅमल फार गुळगुळीत असते, त्यामुळे त्यावर रंग पसरत नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब होतात. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि तिच्यावरून पेटी परत करणारेही पाहिले आहेत. बोटावर थोडी टूथपेस्ट घेऊन झाकणाचे खळगे चांगले घासून काढले की ही अडचण संपते.

पहिली खरी परीक्षा मेणवलीला झाली. वाईपासून तीनेक किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे तो घाट आहे. तिथल्या छोट्या देवळीत टांगलेली घंटा १७०७ साली ओतलेली, पोर्तुगीजांची, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली. घंटेसमोर आम्ही सगळे जमलो तेव्हा त्या दिवशीची अट जाहीर झाली : पेटीतले फक्त तीन रंग वापरायचे, आणि ते आधी मोठ्याने सांगायचे, म्हणजे मागून बदलता येणार नाहीत. मी अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि यलो ओकर हा मातकट पिवळा, असे तीन घेतले. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने तिच्या तयार पेटीतला राखाडी, सॅप ग्रीन आणि एक तपकिरी घेतला, आणि तासाभराने तिचे चित्र गढूळ झाले. दोष तिच्या हाताचा नव्हता. आमच्यात तिचा हात सर्वांत सफाईदार आहे. तयार राखाडी आणि तयार हिरवा हे बहुधा दोन-तीन रंगद्रव्ये एकत्र करून केलेले असतात. असे दोन रंग एकमेकांत मिसळले की कागदावर प्रत्यक्षात पाच-सहा द्रव्ये येतात आणि त्यांतून चिखलच होतो. माझे तिन्ही रंग मात्र एकेका द्रव्याचे होते. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते : अल्ट्रामरीनला पीबी २९, बर्न्ट सिएनाला बहुधा पीबीआर ७. एकच संकेत असला तर रंग एका द्रव्याचा.

या दोन रंगांविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह मला आवरत नाही, कारण सह्याद्रीत चित्रे काढणाऱ्याला त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. अल्ट्रामरीन म्हणजे जुन्या घरांत कपड्यांना दिली जाणारी नीळ, तेच रंगद्रव्य. त्यात बर्न्ट सिएना मिसळला की आपला काळा पाषाण तयार होतो, आणि तोही एकाच छटेचा नाही : निळा अधिक झाला तर पाण्याखाली गेलेल्या पायरीचा थंड करडा, सिएना अधिक झाला तर दुपारी तापलेल्या चिऱ्याचा उबदार करडा. शिवाय अल्ट्रामरीनचे कण जाडसर असल्याने ते खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दगडाचा पोत फारसे काही न करता आपोआप उमटतो. मेणवलीचा घाट, वाईचा ढोल्या गणपतीचा घाट, पुण्यातली जुनी दगडी देवळे, हे सारे या दोन पॅनांत आहे, असे मी आता बिनदिक्कत सांगते. हे ज्ञान मला पेटीने दिले नाही. परंतु रिकामी पेटी भरायची म्हणून मला ट्यूबची पाठ वाचावी लागली, आणि तयार पेटी घेतली असती तर ती मी कधीच वाचली नसती.

दुसरी मोठी परीक्षा पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत झाली. १८८६ साली उघडलेली ती दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि भोवती भाजीचे ढीग. अट अशी की बसायचे नाही, टेकायचे नाही आणि वीस मिनिटांत चित्र पुरे करायचे. या अटीचा सगळा भार कडीवर पडला. डाव्या हाताच्या अंगठ्यात कडी, त्याच हाताच्या बोटांत छोटी वही आणि उजव्या हातात ब्रश; पाण्याची डबी पेटीच्या कडेला चिमट्याने अडकवलेली. हे सर्व वर्णनात वाटते तितके अवघड गेले नाही. पेटीचा तोल चांगला आहे, आणि घडीची पट्टी वहीखाली सरकवली की वहीला टेकू मिळतो. मात्र वीस मिनिटांनंतर अंगठ्याला वळ उठला. कडीच्या तारेची टोके घासलेली नव्हती. कडीवर थोडी सुती चिंधी गुंडाळली की काम भागते, पण विकणाऱ्याने कानस मारली असती तर ही वेळ आली नसती.

मंडईत पेटीचा आणखी एक दोष उघड झाला, तो माझाच होता. समोर वांग्यांचा ढीग होता. वही पुढे करून मी चित्र दाखवले तेव्हा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “ताई, बाकी सगळं झ्याक, पण वांग्याचा रंग काही जमला नाही बघा.” त्यांचे म्हणणे खरे होते. माझ्या पेटीतला लाल नारिंगीकडे झुकणारा होता, आणि अशा लालात निळा मिसळला तर जांभळा होत नाही, विटका तपकिरी होतो. जांभळ्यासाठी गुलाबीकडे झुकणारा लाल लागतो. घरी आल्यावर मी त्या नारिंगी लालाचा पॅन काढला आणि त्या जागी क्विनॅक्रिडोन रोज, म्हणजे पीव्ही १९, भरला. अलिझारिन क्रिम्झन या गडद किरमिजी लालाची जुनी सवय असणाऱ्यांना तोच आठवेल, परंतु त्याचे मूळचे पीआर ८३ हे द्रव्य उजेडात फिके पडते, त्यामुळे मी त्याच्या वाटेला गेले नाही. पेटीच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा मला हाच वाटतो : एक रंग चुकला तर एक पॅन बदलावा लागतो, पेटी बदलावी लागत नाही.

पावसाळ्यातली सहल जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात झाली. राष्ट्रकूटकालीन लेणे, समोर नंदीचा गोल मंडप, आणि पेन्सिल अजिबात न वापरण्याची अट. चित्रांचे जे झाले ते झाले. पेटीचे सांगायचे तर सहलीआधी चारच दिवस भरलेले दोन पॅन दमट हवेत वाळलेच नव्हते, आणि पिशवीत पेटी उभी राहिल्यामुळे पिवळा रंग शेजारच्या निळ्यावर ओघळला. त्यानंतर आठवड्याने त्याच पॅनवर पांढरी बुरशीही दिसली. जून ते सप्टेंबर या काळात पॅन भरूच नयेत, आणि भरलेच तर पंख्याखाली झाकण उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावेत. बुरशीवर लवंगेच्या तेलाचा एक थेंब हा जुना उपाय आहे आणि माझ्या पॅनवर तो लागू पडला.

हर्णैला मात्र पेटी हरली. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि अट अशी की रंगासाठी पाणी त्या जागेचेच घ्यायचे. कृष्णेच्या काठी ही अट कोणाला जड गेली नसती. समुद्राच्या पाण्यात काढलेले चित्र दिसायला झकास होते, मिठाचे कण वाळताना रंगात पांढुरकी नक्षी उठवतात. पण मीठ हवेतली ओल खेचून घेत असल्याने ते पान दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होते. पॅनांतही खारे पाणी मुरले. पेटीचे इनॅमल तोवर दोन कोपऱ्यांत उडालेले होते, एकदा ती मोटारीच्या दारातून पडली होती, आणि परत आल्यावर तीन-चार दिवसांत त्या कोपऱ्यांत गंज चढला. गंज आणि गेरू यांचे कूळ एकच, दोन्ही लोहाचे ऑक्साइड, तेव्हा चित्रकाराने त्याची तक्रार करू नये, असे आमच्यातला एक जण म्हणाला खरा, पण शेजारच्या लेमन यलोमध्ये तो गंज उतरला तेव्हा मला विनोद सुचला नाही. कोकणात जाणाऱ्यांनी या पेटीला गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोपऱ्यांवर नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश द्यावे. प्लॅस्टिकची पेटी तिथे अधिक बरी, हेही मी कबूल करते.

वर्षातली सर्वांत चांगली अट मात्र एम्प्रेस गार्डनमध्ये पडली. सगळ्यांनी आपापल्या पेट्या एका चादरीवर ठेवायच्या आणि चिठ्ठी टाकून दुसऱ्याची पेटी घ्यायची. मला आमच्या गटातल्या निवृत्त ड्रॉइंगच्या सरांची पेटी आली. तिच्या झाकणात अनेक वर्षांच्या रंगांचा इतका जाड थर बसला आहे की पांढरे काही शिल्लकच नाही, आणि पॅनांचा क्रम सरांखेरीज कोणालाही उमगणार नाही असा. निळ्याच्या शेजारी पिवळा, त्याच्या शेजारी पुन्हा एक निळा. अर्धा तास मी प्रत्येक वेळी चुकीच्या पॅनमध्ये ब्रश घातला. तेव्हा लक्षात आले की चांगल्या पेटीत हात न बघता जातो, आणि ही सवय रंगांच्या दर्जाइतकीच मोलाची आहे. ज्या पेटीत पॅन हवे तसे हलवता येतात तिच्यातच ती लागते.

सरांना माझी पेटी आली होती. ते डावखुरे आहेत, हे माझ्या ध्यानात नव्हते. कडी अशा जागी बसवलेली आहे की पेटी उजव्या हातात धरली तर घडीची पट्टी अंगाच्या बाजूला येते आणि सदरा रंगतो. शेवटी त्यांनी ती मांडीवर ठेवूनच काम केले. डावखुऱ्या चित्रकारांनी हे जरूर लक्षात घ्यावे. कडी दोन्हीकडून वापरता येईल अशा पेट्या थोड्या शोधाव्या लागतात, पण मिळतात. सरांची दुसरी तक्रार रंगांविषयी होती. भोवताली इतकी जुनी झाडे, वेली, कमळाची पाने, आणि माझ्या पेटीत हिरवा रंग नाही. मेणवलीनंतर मी तयार हिरवा काढून टाकला होता. “पेटी चांगली आहे तुमची,” सर म्हणाले, “पण हिरव्याशी काय वैर आहे?” मग त्यांनी अल्ट्रामरीन आणि लेमन यलोमधून एक, ओकरमधून दुसरा, आणि त्यात बर्न्ट सिएनाचा टिपका देऊन सावलीतला तिसरा हिरवा केला, आणि त्यांच्या झाडांपुढे आमची सगळ्यांची झाडे प्लॅस्टिकची दिसू लागली. माझीच पेटी होती. तिच्यातून एवढे निघते हे मला सरांनी दाखवले.

आज वर्षाअखेरीस माझ्या बारा पॅनांपैकी सातच भरलेले आहेत : लेमन यलो, यलो ओकर, क्विनॅक्रिडोन रोज, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, एक थंड निळा आणि अगदी क्वचित लागणारा पांढरा. उरलेल्या जागेत एक रबर, एक बारीक पेन्सिल आणि चिंधीचा तुकडा राहतो. पेटीच्या मधल्या चौकटीत ब्रशसाठी जी लांब जागा ठेवलेली असते तिच्यात आणखी सहा अर्धे पॅन बसतात आणि काही जण तसे बसवतातही. मला त्याची गरज वाटली नाही.

आता विकत घ्यावी की नाही, याविषयी. ज्यांना घरी, टेबलावरच काम करायचे आहे त्यांनी चिनी मातीची पांढरी बशी आणि ट्यूब वापराव्यात, त्यांना या पेटीचा काही उपयोग नाही. ज्यांनी अजून रंगांची ओळख करून घेतलेली नाही त्यांनी वड्यांच्या तयार पेटीवर एखादे वर्ष काढावे, म्हणजे आपल्याला कोणते रंग नको आहेत हे तरी कळेल. जे महिन्यातून दोनदा तरी बाहेर जाऊन चित्रे काढतात, आणि विशेषतः जे सोबतीने जातात, त्यांनी मात्र ही घ्यावी. तयार भरलेल्या पेटीपेक्षा ती स्वस्त पडेल या समजुतीने घेऊ नये. चांगल्या ट्यूबचा खर्च धरला तर ती स्वस्त पडत नाही. घेताना बिजागरी दहा-बारा वेळा उघडझाप करून पाहावी, कडी हलते का ते पाहावे, आणि ऑनलाइन मागवली असेल तर कोपऱ्यांत इनॅमलचे टवके उडालेले नाहीत याची खात्री लगेच करून घ्यावी.

कडीविषयी हे मी अनुभवाने लिहीत आहे, कारण दहाव्या महिन्यात माझी कडी निखळली. नवी पेटी घेण्याऐवजी मी ती डबे झाळून देणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने पेटी उलटसुलट केली, “मेकअपची आहे का?” असे विचारले आणि दहा मिनिटांत डाग देऊन कडी अशी घट्ट बसवली की ती आता पेटीच्याही आधी हलायची नाही. फक्त उष्णता झाकणालाही लागून बरोबर मधल्या खळग्यात इनॅमल करपून रुपयाएवढा पिवळट ठिपका पडला. त्या खळग्यात निळ्याची खरी छटा आता कळत नाही, म्हणून तिथे मी ओकर आणि सिएनाच मिसळते.